दोन लाइनी घेतल्या, पण वाट कोण ठरवणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचं मशीनिंग करणारं युनिट आहे, ऑफिसात पंचवीसेक संगणक आहेत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइनी आहेत, दोन्ही २०० एमबीपीएसच्या, आणि मायक्रोटिकच्या राउटरवर लोड बॅलन्सिंग, म्हणजे दोन्ही लाइनींवर काम वाटून देणं, चालू आहे. तरी बँकेचं पान मध्येच लॉगआउट करतं, एक लाइन गेली की अर्धं ऑफिस बंद आणि अर्धं चालू असं होतं, आणि मालकांना घरून कॅमेरे कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. राउटरला चांगला मार्ग ओळखता यावा म्हणून आता बीजीपी, म्हणजे मोठी नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत, घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

बीजीपी नको. त्याची कारणं पुढे येतील, पण आधी प्रश्नातला एक समज काढून टाकू, कारण तुमच्या तिन्ही तक्रारी त्यातूनच आल्यात. राउटर चांगला मार्ग ओळखत नाही. त्याच्याजवळ एक टेबल असतं. पॅकेट कुठल्या पत्त्यावर जायचंय ते तो पाहतो, त्या पत्त्याशी सर्वांत जास्त जुळणारी ओळ शोधतो आणि त्या ओळीतल्या गेटवेकडे पॅकेट सोडून देतो. ती लाइन आत्ता भरलेली आहे, पुढे साताऱ्याजवळ फायबर तुटलंय, तिकडून दुप्पट वेळ लागतोय, यातलं त्याला काही कळत नाही. दोन्ही डीफॉल्ट ओळींचं डिस्टन्स सारखं असेल तर तो वाटणी करतो, एकीचं कमी असेल तर सगळं तिकडेच पाठवतो. बीजीपीसुद्धा वेग मोजत नाही. तुम्ही काही पसंती सांगितली नसेल तर वाटेत किती नेटवर्कं लागतात ते मोजतं, आणि दोन नेटवर्कांचा लांबचा रस्ता तीन नेटवर्कांच्या जवळच्या रस्त्यापेक्षा बरा मानतं. चांगली वाट कुठली हे माणसाने ठरवून राउटरला सांगायचं असतं, आणि ते कामागणिक वेगळं असतं.

आता बँकेचं दुखणं. आपल्या मार्केट यार्डातून गूळ गुजरातला जातो तेव्हा गाडीबरोबर बिल्टी असते. बिल्टी एका ट्रान्सपोर्टची आणि माल दुसऱ्याच्या गाडीत असं झालं तर गाडी वाटेत अडेल, आणि पोचलीच तर पोच भलत्याच गोदामात जाईल. इंटरनेटवर बिल्टीचं काम पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता करतो. तुमच्या प्रत्येक लाइनीला तिच्या कंपनीने आपापला पत्ता दिलाय. पहिल्या लाइनीचा पत्ता लावलेलं पॅकेट दुसऱ्या लाइनीतून निघालं तर दुसरी कंपनी ते बहुतेक टाकून देते. खोटे पत्ते लावून होणारे हल्ले थांबावेत म्हणून २००० सालापासून पुरवठादारांना तसं करायला सांगितलेलं आहे, जाणकार त्याला बीसीपी ३८ म्हणतात. आणि तिने टाकलं नाही तरी उत्तर येणार ते पहिल्या लाइनीवरच, कारण समोरचा फक्त पत्ता बघतो.

साध्या ब्राउझिंगमध्ये हे जाणवत नाही. राउटर आधी लाइन निवडतो, मग नॅट करून, म्हणजे आतल्या संगणकाचा पत्ता बदलून, त्या लाइनीचा पत्ता लावतो, आणि ते कनेक्शन संपेपर्यंत तीच लाइन धरून ठेवतो. पण बँकेचं एक पान म्हणजे एक कनेक्शन नसतं. ब्राउझर एका वेळी अनेक कनेक्शनं उघडतो, आणि तुमचा राउटर त्यातली निम्मी इकडून, निम्मी तिकडून पाठवतो. बँकेच्या सर्व्हरला दिसतं असं की लॉगिन एका पत्त्यावरून झालं आणि सेकंदभरात त्याच सेशनची मागणी दुसऱ्याच पत्त्यावरून आली. कुणीतरी सेशन चोरलंय असं समजून तो तुम्हाला बाहेर काढतो. त्याचं बरोबरच आहे.

तुमच्या राउटरवर पीसीसीची (मायक्रोटिकची कनेक्शनं वाटून देण्याची पद्धत) वाटणी ‘दोन्ही पत्ते आणि पोर्ट’ या आधारावर लावलेली असणार. हाताशी सापडणाऱ्या बऱ्याच नमुन्यांत तेच असतं. पोर्ट म्हणजे प्रत्येक कनेक्शनला मिळणारा क्रमांक; तो धरला की प्रत्येक नवं कनेक्शन वेगळीकडे जाऊ शकतं. फक्त ‘दोन्ही पत्ते’ केलं तर त्रास कमी होतो पण जात नाही, कारण लॉगिन एका सर्व्हरवर आणि पैसे भरायचं पान दुसऱ्या सर्व्हरवर असलं की तिथे पुन्हा फाटे फुटतात. वाटणी करायचीच तर फक्त आतल्या संगणकाच्या पत्त्यावर करा. म्हणजे अकाउंटच्या टेबलावरचा संगणक आज ज्या लाइनीवर आहे, त्याच लाइनीवर राहील. लिनक्सवर राउटर चालवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मुळातली वाटणी पाठवणारा आणि घेणारा असे दोन्ही पत्ते पाहते, त्यामुळे तिथेही हाच फाटा फुटतो.

पण खरं सांगू का, तुमच्या आकाराच्या ऑफिसात मी वाटणी करतच नाही. २०० आणि २०० मिळून ४०० होतात हा हिशेब एका डाउनलोडसाठी कधीच खरा ठरत नाही. एक कनेक्शन एकाच लाइनीवर बसतं. मी कामाप्रमाणे लाइन ठरवतो. बँक, जीएसटी, ई-इनव्हॉइस, ई-वे बिल आणि टॅलीचे संगणक पहिल्या लाइनीवर, ती गेली तरच दुसरीवर. कॅमेऱ्यांचं अपलोड, विंडोजचे अपडेट, कामगारांच्या मोबाइलचं वायफाय दुसऱ्या लाइनीवर, ती गेली तर पहिलीवर, पण वेगाला मर्यादा घालून. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्याला ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. माल भरलेली गाडी गेटवर उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि आत इनव्हॉइसचा क्रमांक निघत नाही, हा प्रसंग मी पुष्कळ वेळा पाहिलाय. त्या एका संगणकाची वाट सर्वांत आधी पक्की करा.

कॅमेऱ्यांचा प्रश्न हाच, पण उलट बाजूने. मालक घरून पहिल्या लाइनीच्या पब्लिक आयपीवर येतात. पॅकेट आत येतं, एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र, उत्तर देतो, आणि ते उत्तर बाहेर जाताना राउटर पुन्हा वाटणीचा नियम लावतो. नशिबाने पहिली लाइन निघाली तर चित्र दिसतं, दुसरी निघाली तर उत्तर भलत्या वाटेने जातं आणि वाया जातं. ज्या वाटेने आलं त्याच वाटेने परत गेलं पाहिजे, आणि हे राउटरला स्पष्ट सांगावं लागतं: बाहेरून आलेल्या प्रत्येक कनेक्शनवर ते कुठल्या लाइनीने आलं त्याची खूण करायची, आणि उत्तराचं पॅकेट दिसलं की ती खूण बघून त्या लाइनीचं वेगळं टेबल वापरायचं. राउटरओएसच्या, म्हणजे मायक्रोटिकवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सातव्या आवृत्तीत अशी टेबलं आधी हाताने तयार करावी लागतात. सहावीतली सेटिंग जशीच्या तशी उचलून टाकली तर खुणा पडतात पण वाट बदलत नाही. लिनक्सवर पत्त्यानुसार ‘आयपी रूल’ लिहायचा आणि आरपी-फिल्टर, म्हणजे भलत्या वाटेने आलेली पॅकेटं अडवणारी तपासणी, सैल करायचा, म्हणजे २ वर ठेवायचा, नाहीतर कर्नल स्वतःच ती पॅकेटं टाकून देतो. शिवाय दुसऱ्या लाइनीचा राउटरवर दिसणारा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला आहे का ते बघा. असेल तर तो पब्लिक आयपी नव्हेच, कंपनीने एका पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवली आहेत (याला सीजीएनएटी म्हणतात), आणि त्या लाइनीवर बाहेरून आत येण्याचा प्रयत्न सोडून द्या.

एक लाइन गेली की अर्धं ऑफिस का बंद पडतं, यावर मात्र सावकाश बोलायला हवं, कारण पैसे खर्चून घेतलेली दुसरी लाइन इथेच वाया जाते.

राउटरपासून मोडेमपर्यंत हातभर वायर असते. बाहेर फायबर तुटलं तरी ती हातभर वायर शाबूत असते, हिरवा दिवा लागलेला असतो, आणि राउटरच्या दृष्टीने लाइन चालू असते. गेटवेला पिंग, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारणारं छोटं पॅकेट, लावून ठेवला तरी पुरत नाही. पुष्कळदा गेटवे म्हणजे तुमच्याच टेबलावरचा मोडेम असतो, किंवा गावातलंच कंपनीचं यंत्र, आणि तुटलेलं असतं त्याच्या पुढे. तपासणी लांबच्या ठिकाणाची करावी लागते. प्रत्येक लाइनीतून बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांना पिंग, आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन मेली असं मानायचं. एकाच पत्त्यावर विसंबलात तर तो पत्ता बंद पडल्यावर तुमची धडधाकट लाइन उगाच बाद होईल.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. तपासणीसाठी ८.८.८.८ हा पत्ता पहिल्या लाइनीला बांधून टाकला, आणि ऑफिसातल्या सगळ्या संगणकांना डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, म्हणूनही तोच दिला. लाइन गेली, राउटरने बरोबर ओळखलं, डीफॉल्ट वाट बदलली. तरी कुणाचंच काही उघडेना. कारण ८.८.८.८ ची ओळ अजून मेलेल्या लाइनीकडेच बोट दाखवत होती, आणि नावाचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तपासणीचे पत्ते आणि डीएनएसचे पत्ते वेगळे ठेवा. कंपनीचा स्वतःचा डीएनएसही संगणकांना देऊ नका. तो सहसा आपल्याच गिऱ्हाइकांना उत्तर देतो, दुसऱ्या लाइनीवरून विचारलं तर नकार मिळतो. तुमचं अर्धं ऑफिस बंद पडायचं हेही एक कारण असू शकतं.

तपासणी दर दहा सेकंदांनी, सलग तीनदा उत्तर आलं नाही तर लाइन बाद. परत घेताना मात्र घाई नको. पाच मिनिटं सलग नीट चालली तरच परत घ्या. जोडकाम चालू असताना फायबर मिनिटात चारदा येतं-जातं, आणि प्रत्येक वेळी राउटरने वाट बदलली तर एक लाइन पूर्ण मेलेली परवडली असं वाटायला लागतं.

वाट बदलली की जुनी कनेक्शनं पुसून टाका. टीसीपीची कनेक्शनं आपोआप तुटतात आणि नव्याने लागतात, पण आयपी फोन आणि व्हीपीएन बहुतेक यूडीपीवर चालतात, ज्यात कनेक्शन लागणं-तुटणं असा प्रकारच नसतो. ते दर काही सेकंदांनी काहीतरी पाठवतच राहतात, त्यामुळे राउटरच्या नोंदवहीतली जुनी नोंद कधी मुदतबाह्य होतच नाही, आणि ती नोंद अजून मेलेल्या लाइनीचा पत्ता लावत असते. लाइन बदलून तास झाला, सगळं चालतंय आणि फोन तेवढे मुके, हे दिसलं की हेच समजा. वाट बदलताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्या लाइनीच्या नोंदी काढण्याची एक ओळ घाला. आणि एखादी लाइन पीपीपीओईवर, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडली जाणारी, असेल तर तिथे १५०० ऐवजी १४९२ बाइटचं पॅकेट जातं. एमएसएस, म्हणजे एका पॅकेटातल्या डेटाची कमाल मर्यादा, १४५२ वर आवळा, नाहीतर त्या लाइनीवर आलं की काही मोजकीच पानं अडकतील आणि कारण सापडणार नाही.

आता राउटर सोडून बाहेर या. गेटपासून दोन्ही वायरी कुठे जातात ते तुम्ही चालत जाऊन पाहिलंय का? मी विचारतो तेव्हा दहातले आठ जण नाही म्हणतात. शिरोलीतच एका कारखान्यात दोन कंपन्यांची दोन बिलं येत होती आणि दोन्ही वायरी एकाच खांबावरून एकाच जॉइंट बॉक्समध्ये उतरत होत्या. हायवेच्या कामात जेसीबीने एक घाव घातला आणि दोन्ही एका क्षणी गेल्या. राउटरची सेटिंग माझीच होती आणि बरोबर होती, पण निवडायला वाटच उरली नव्हती. तेव्हापासून मी आधी वायरीमागे चालतो, मग राउटरला हात लावतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद होता, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेलं की आपण जनावरं आणि धान्य हलवायचा विचार करतो. तुमचा जॉइंट बॉक्स कुठे आहे याचाही तेव्हाच विचार व्हायला हवा. दोन्ही कंपन्यांना सरळ विचारा: तुमचं फायबर नदी कुठे ओलांडतं? कोल्हापुरातून पुढे पुण्याकडे जातं की बेळगावकडे? एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला जाणारी असेल तर ती खरी दोन वाटांची जोडी. वीज गेल्यावर काय होतं तेही विचारा. जीपॉन पद्धतीच्या लाइनीत कंपनीच्या केंद्रापासून तुमच्या मोडेमपर्यंत मध्ये विजेवर चालणारं काही नसतं, फक्त काचेचे स्प्लिटर असतात. पण स्थानिक केबलवाल्याने एखाद्या इमारतीच्या जिन्यात स्विच बसवून लाइन पुढे ओढली असेल, तर त्या जिन्यातली वीज गेली की तुमचा यूपीएस कितीही मोठा असला तरी उपयोग नाही.

त्यांचं उत्तर पटलं नाही तर ट्रेसराउट करून बघा, म्हणजे पॅकेट कुठल्या यंत्रांतून जातं आणि किती वेळ लागतो ते दिसेल. कोल्हापूर ते पुणे रस्त्याने सुमारे २३० किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायला अडीच मिलिसेकंदसुद्धा लागायला नकोत. यंत्रांचा आणि वळणांचा वेळ धरून आठ-दहा आले तर ठीक. पुण्यातल्याच सर्व्हरला चाळीस येत असतील तर पॅकेट बहुधा चेन्नईसारख्या लांबच्या ठिकाणी जाऊन परत येतंय. आणि दोन्ही लाइनींच्या ट्रेसराउटमध्ये तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर एकाच मोठ्या कंपनीची यंत्रं दिसली, तर तुम्ही एकच लाइन दोन दुकानांतून घेतलीय. अशा वेळी एक बंद करा आणि त्या पैशात रेडिओ लिंक किंवा ५जीचं कनेक्शन घ्या. फक्त ज्या टॉवरवर ते चालणार, त्या टॉवरला फायबर कुठून येतं ते आधी विचारा.

आता बीजीपी. ते घ्यायचं तर स्वतःचा एएस क्रमांक, म्हणजे जगात तुमचं नेटवर्क ओळखायचा क्रमांक, आणि स्वतःचे पत्ते लागतात. भारतात ते आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतात. आयपीव्ही४ मध्ये २५६ पत्त्यांच्या, म्हणजे /२४ च्या खालचा तुकडा जगातली नेटवर्कं सहसा स्वीकारत नाहीत. दोन्ही कंपन्यांनी तुमच्याशी बीजीपी चालवायला तयार व्हावं लागतं, आणि त्यासाठी ब्रॉडबँड नव्हे, लीज्ड लाइन लागते. बाहेर जाणारी वाट तुम्ही लोकल प्रेफरन्सने, म्हणजे राउटरला दिलेल्या पसंतीच्या आकड्याने, ठरवू शकता. आत येणारी नाही. ती समोरचा ठरवतो, तुम्ही फक्त विनंती करू शकता. आपला एएस क्रमांक दोन-तीनदा जोडून एक वाट लांब दाखवायची ही नेहमीची युक्ती, पण ज्या कंपनीचे तुम्ही गिऱ्हाईक आहात ती कंपनी गिऱ्हाइकाकडे थेट जाणारी वाटच पसंत करते, मग ती कितीही लांब दाखवा. तिथे त्या कंपनीने ठरवून दिलेल्या कम्युनिटीच, म्हणजे वाटेला जोडायच्या सूचनेच्या खुणाच, लावाव्या लागतात.

आणि चूक झाली तर ती तुमच्या कुंपणात राहत नाही. २४ जून २०१९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डीक्यूई या पुरवठादाराच्या ऑप्टिमायझरने, म्हणजे वाटा आपोआप जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने, परक्या नेटवर्कांचे पत्ते बारीक तुकड्यांत पाडले. ते तुकडे त्याच्या अलेघेनी टेक्नॉलॉजीज या गिऱ्हाइकाकडे गेले, आणि त्या कंपनीने ते आपल्या दुसऱ्या पुरवठादाराला, व्हेरायझनला, पुढे सांगितले. व्हेरायझनने न गाळता स्वीकारले. जास्त जुळणारी ओळ जिंकते हा नियम वर सांगितलाच. जगातली रहदारी त्या एका गिऱ्हाइकाच्या लाइनीकडे वळली आणि लाखो वेबसाइटी पोचवणाऱ्या क्लाउडफ्लेअरची त्या वेळची जवळपास १५ टक्के वाहतूक बुडाली. अलेघेनी ही विशेष मिश्रधातू बनवणारी कंपनी आहे, आपल्यासारखीच भट्ट्या चालवणारी. उद्या तुम्ही बीजीपी घेतलंत तर बाहेर फक्त स्वतःचेच पत्ते सांगायचे, दुसरं एक अक्षर नाही, हा फिल्टर पहिल्या दिवशी, लाइन जोडायच्या आधी लावा, आणि आरओए, म्हणजे हे पत्ते कुठल्या एएस क्रमांकाने सांगायचे याची सही केलेली नोंद, करून ठेवा.

तुमची गरज त्याहून लहान आहे. बाहेरून कॅमेरे आणि ईआरपी कायम एका पत्त्यावर दिसावेत, एवढंच. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्या आणि तुमच्या राउटरवरून त्याला वायरगार्डचा बोगदा, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणी, जोडा. कीपअलाइव्ह, म्हणजे बोगदा जिवंत ठेवणारं पॅकेट, दर २५ सेकंदांचं ठेवा. लाइन बदलली की बोगद्याचं पॅकेट नव्या पत्त्यावरून निघतं, पलीकडचा सर्व्हर किल्ली तपासून तो नवा पत्ता धरतो, आणि आतले पत्ते तेच राहिल्याने चालू असलेलं काम बहुतेक तुटतही नाही. सीजीएनएटीच्या लाइनीवरही हे चालतं, कारण सुरुवात आतून होते. मालकांना तो एकच पत्ता द्या आणि राउटरवरची कॅमेऱ्याची उघडी पोर्टं बंद करून टाका. ती तशीही उघडी ठेवणं धोक्याचं होतं.

सगळं लावून झालं की सुट्टीच्या दिवशी परीक्षा घ्या. राउटरची वायर उपटून नव्हे. तसं केलं तर राउटरला लगेच कळतं आणि काहीच सिद्ध होत नाही. मोडेममागची हिरव्या टोकाची फायबरची बारीक वायर काढा, टोकाला टोपी लावा, आणि घड्याळ लावून बसा. बँकेचं पान, ई-वे बिल, फोन, कॅमेरे, एकेक करून उघडून बघा. मग ती जोडून दुसरी काढा. पहिल्या खेपेला काहीतरी राहिलेलं निघतंच, ते सुट्टीच्या दिवशी निघालेलं बरं.

परीक्षेच्या आधी एक फोन बँकेला आणि एक तुमच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या पोर्टलवाल्यांना करा. ठरावीक आयपीवरूनच प्रवेश देणारी यादी त्यांच्याकडे असेल तर तीत तुमच्या दोन्ही लाइनींचे पत्ते आहेत का विचारा. दुसऱ्या लाइनीवर स्टॅटिक आयपी नसेल तर आधी तो घ्यावा लागेल.